मोडक्या इंजिनांचा जिवंत बाजार

१९६४ साली लिव्हरपूलची मेकॅनो कंपनी लाइन्स ब्रदर्स या प्रतिस्पर्धी खेळणीवाल्यांच्या ताब्यात गेली आणि ‘हॉर्नबी-डब्लो’ या छोट्या विजेच्या रेल्वेचं उत्पादन थांबलं. तरीही ती इंजिनं आजही धावतात. मोटरचं आर्मेचर जळलं, चाकांना जोडणारा दांडा हरवला, बफर तुटला, तर तो भाग बनवणारा कारखाना उरलेला नाही. पण तोच भाग दुसऱ्या एखाद्या मोडक्या इंजिनात शाबूत असतो आणि ते इंजिन ब्रिटनमध्ये कुणाच्या तरी माळ्यावर खोक्यात पडलेलं असतं. ते खोकं आणि तो गरजू माणूस यांची गाठ घालून देण्याचं काम हल्ली इंटरनेटवरचे लिलाव करतात.

फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये नटबोल्टांनी जोडायच्या धातूच्या पट्ट्यांच्या खेळाचं पेटंट घेतलं. पुढे त्याच खेळाला मेकॅनो हे नाव मिळालं. १९२० मध्ये त्यांची चावीची रेल्वे बाजारात आली. ती मोठ्या मापाची होती, रुळांमधलं अंतर ३२ मिलिमीटर. सामान्य घरातल्या जेवणाच्या टेबलावर मावेल अशी १६.५ मिलिमीटरची डब्लो १९३८ मध्ये आली, तेव्हा हॉर्नबी जाऊन दोन वर्षं झाली होती. पहिल्या संचात ‘सर नायजेल ग्रेस्ली’ हे निमुळत्या तोंडाचं निळं इंजिन होतं. खरं ग्रेस्ली इंजिन रुळांवर येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. युद्धानंतर ‘डचेस ऑफ अ‍ॅथॉल’ आलं आणि त्यामागोमाग ब्रिटिश मुलांच्या दोन पिढ्यांनी ओळखली अशी इंजिनांची रांग लागली.

या इंजिनांची शरीरं साच्यात ओतलेल्या जस्ताच्या मिश्रधातूची आहेत. ब्रिटनमध्ये त्याला माझाक म्हणतात. तो स्वस्त आणि वजनदार असतो, बारीक नक्षीही छान घेतो. पण ओततानाच त्यात शिशाचा अगदी किंचित अंश मिसळला असेल तर तो धातू आतून सडतो. कणाकणांच्या सांध्यांमध्ये गंज शिरतो, भाग फुगतो, वाकतो, त्यावर केसासारख्या चिरा पडतात आणि शेवटी हातात भुगा येतो. दमट हवा आणि उष्णता यांनी हे आणखी लवकर होतं. संग्राहक याला ‘झिंक पेस्ट’ म्हणतात, म्हणजे जस्ताला लागलेली कीड. पण ही कीड बाहेरून लागत नाही आणि एका भागाकडून दुसऱ्याला होतही नाही. ती त्या धातूत जन्मापासूनच असते आणि तिच्यावर इलाज नाही. युद्धापूर्वीच्या डब्लोमध्ये आणि मोठ्या मापाच्या जुन्या हॉर्नबीच्या चाकांमध्ये ती इतक्यांदा दिसते, की जाणकार ग्राहक लिलावाचं छायाचित्र उघडलं की नाव किंवा रंग पाहण्याआधी कडा पाहतो. चौकट सरळ आहे का? चाकाचा गोल अजून गोल आहे का? बफरच्या मुळाशी चीर आहे का? युद्धापूर्वीचं शाबूत शरीर महाग मिळतं, कारण तसं शरीर आता नव्याने ओतून मिळणार नाही.

डब्लोच्या सुरुवातीच्या मोटरींमध्ये घोड्याच्या नालेसारखा चुंबक असे. जुन्या पद्धतीचा हा चुंबक आर्मेचरभोवतीच्या लोखंडी जागेतून बाहेर काढला की त्याचं बळ कमी होतं. दोन टोकांमध्ये लोखंडाची पट्टी ठेवूनच तो हलवावा लागतो. विक्रेत्याने हौसेने मोटर उघडली, सगळे भाग टेबलावर मांडून सुंदर फोटो काढला आणि परत जोडून ‘चालू स्थितीत’ म्हणून विकायला ठेवली, तर इंजिन फिरतं खरं. पण दोन डबे ओढताना दम टाकतं. म्हणून अनुभवी खरेदीदार न उघडलेल्या मळकट मोटरीला चकचकीत सुट्या मोटरीपेक्षा जास्त पैसे मोजतो. चुंबक पुन्हा भारून देणारी छोटी यंत्रं काही हौशी दुरुस्तीवाल्यांकडे असतात, त्यामुळे हा दोष सुटतो. कार्बनचे ब्रश आणि त्यांच्या स्प्रिंगा नव्या मिळतात. जळलेलं आर्मेचर पुन्हा गुंडाळता येतं, पण ते काम करणारे हात कमी होत चालले आहेत. म्हणूनच ‘फक्त सुट्या भागांसाठी’ असं लिहून विकायला ठेवलेल्या, चाकं नसलेल्या इंजिनावरही पंधरा-वीस जणांची नजर असते.

इथेच या बाजारातला सर्वांत अवघड प्रश्न येतो: अस्सल कशाला म्हणायचं? डब्लोचे साचे पुढे इंग्लंडमधल्या बेसिल्डनच्या जी. अँड आर. रेन या कंपनीकडे गेले आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९२ पर्यंत त्यांनी त्याच साच्यांतून इंजिनं काढली. त्यामुळे रेनचा एखादा भाग डब्लोला चपखल बसतो, आणि डब्लोचा रेनला. दुरुस्तीवाल्यासाठी हे वरदान आहे. पण याच सोयीमुळे चार वेगवेगळ्या इंजिनांतून एक ‘अस्सल’ इंजिन उभं करता येतं. रंगाच्या बाबतीतही तेच. अमेरिकेत लायोनेल कंपनीने १९५७ मध्ये मुलींसाठी गुलाबी इंजिनाची गाडी काढली होती. ती खपली नाही, म्हणूनच आज तिला भरमसाट किंमत येते. हे इंजिन मुळात लायोनेलच्याच एका साध्या काळ्या इंजिनाचा रंग बदललेला अवतार होतं. साहजिकच साधं इंजिन घेऊन गुलाबी रंगवण्याचा मोह बऱ्याच जणांना झाला. अतिनील दिव्याखाली नवा रंग बहुधा वेगळा चमकतो, पण लिलावाच्या छायाचित्रात तो दिवा नसतो.

ईबेचे संस्थापक पियर ओमिडयार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये ‘ऑक्शनवेब’, म्हणजे पुढचं ईबे, सुरू केलं, तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून मोडक्या लेझर पॉइंटरचं नाव घेतलं जातं. किंमत १४.८३ डॉलर. मोडकी वस्तू कुणाला तरी हवी असते, हे पहिल्याच सौद्यात दिसलं. सुट्या भागांच्या बाजाराला त्याहून अनुरूप सुरुवात शोधून सापडणार नाही.

तिथली बोली कशी चालते, हे नवख्याला लवकर उमजत नाही. ग्राहक आपली कमाल किंमत गुपचूप नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. समजा एका माणसाने आर्मेचरसाठी ४० पौंडांची मर्यादा नोंदवली आणि दुसऱ्याने ३१ पौंडांची, तर पहिला ४० नव्हे, ३२ पौंडांना जिंकतो. म्हणजे किंमत हरणाऱ्याच्या मर्यादेवर ठरते. कागदावर पाहिलं तर आपली खरी मर्यादा लवकर नोंदवून निश्चिंत झोपायला हरकत नसावी. प्रत्यक्षात लिलाव संपायला दहा सेकंद उरले की बोलींचा पाऊस पडतो.

अर्थतज्ज्ञ अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळी अ‍ॅमेझॉनवरही लिलाव चालत, पण तिथे शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ आपोआप वाढत असे. ईबेवर घड्याळ ठरल्या क्षणी थांबे. शेवटच्या क्षणी बोली लावण्याची धडपड ईबेवर कितीतरी जास्त होती, आणि संगणकांपेक्षा जुन्या दुर्मिळ वस्तूंच्या लिलावात आणखी जास्त. त्याचं कारण इंजिनवाल्यांना नेमकं ठाऊक आहे. ज्याने छायाचित्रातल्या चाकांवरून साल ओळखलं, त्याने दोन दिवस आधी बोली लावली की बाकीच्यांनाही कळतं, इथे काहीतरी आहे. जाणकाराची बोली हीच एक बातमी असते, म्हणून तो ती शेवटपर्यंत दडवून ठेवतो.

वर्णन नीट न केलेली खोकी म्हणूनच त्याला आवडतात. ‘जुनी रेल्वे, निरनिराळे तुकडे’ एवढंच लिहिलेल्या धूसर छायाचित्रात कोपऱ्यात पडलेला टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळशाचा डबा, ओळखणं हे त्याचं कसब. तो विक्रेत्याला खालच्या बाजूचा फोटो मागतो, कारण डब्लोचं तीन रुळांचं मूळ रूप तिथेच कळतं: मधल्या रुळावरून वीज घेणारा स्पर्शक खाली असायला हवा. तो नसेल आणि चाकं बदललेली असतील, तर कुणीतरी ते इंजिन दोन रुळांसाठी बदलून घेतलं आहे. चालवायचं असेल तर त्यात वाईट काही नाही. संग्रहासाठी घ्यायचं असेल तर किंमत वेगळी.

इंग्लंडमधल्या थॉर्नबीच्या व्हेक्टिससारख्या खेळण्यांच्या खास लिलावगृहांत वस्तू माणसाने हाताळून वर्णिलेल्या असतात, पण बोलीवर शेकड्याने गृहाचं कमिशन चढतं. अमेरिकेत १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनने वस्तूच्या अवस्थेसाठी एक ते दहाची श्रेणी रुजवली. हॉर्नबीवाल्यांची संघटना १९६९ पासून आहे. अशा संघटनांच्या जुन्या याद्या आणि नियतकालिकं वाचलेला माणूस लिलावात सहसा फसत नाही.

भारतात हा छंद आयातीवर जगतो. मुंबईच्या ‘बाझी’ या लिलाव संकेतस्थळाला ईबेने २००४ मध्ये विकत घेतलं आणि काही वर्षं इथेही बोलीची चटक लागली; पण ईबेचं भारतीय दुकान २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं. त्यानंतर थेट परदेशातून मागवायचं, म्हणजे दोन ग्रॅमच्या ब्रशवर पाकिटाचा टपालखर्च आणि वर सीमाशुल्क. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं हे शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं. त्यामुळे इथले हौशी भाग एकेकटा मागवत नाहीत. चार जण मिळून एक खोकं घेतात आणि वाटून घेतात. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून सुरू असलेलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं की या छंदाला किती हातांची मेहनत लागते, ते समजतं.

हल्ली नवे भागही मिळू लागले आहेत. संगणकावर आखून त्रिमितीय छपाईने काढलेले बफर, ओतलेली चाकं, पितळी कोरीव नावपट्ट्या. कीड लागलेल्या चाकांच्या जागी नवी घालून ग्रेस्ली पुन्हा धावत असेल, तर ते चांगलंच आहे. शोकेसमधल्या भुग्यापेक्षा ते बरं. पण विकणाऱ्याने तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे: चाकं नवी, टेंडर रेनचा, रंग पुन्हा दिलेला. असं लिहिणारे विक्रेते आहेत. त्यांच्या नोंदी नेहमी थोड्या लांब असतात, छायाचित्रं खालून-वरून काढलेली असतात आणि बदललेल्या भागांची यादी किमतीच्या आधी येते. जाणते ग्राहक त्यांची नावं लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी शोध घेताना तिथूनच सुरुवात करतात.