सायकलवरून रानात मुक्कामाला निघताना

दिवाळीनंतर पाऊस सरतो, रान सुकू लागते आणि वस्तीतली तरुण मुले-मुली सायकली बाहेर काढतात. कुणी आंबा घाटाकडे निघतो, कुणी दापोली तालुक्यातली पन्हाळेकाजीची २९ लेणी पाहायला. जरूर जावे. त्यासाठी महागडी गिअरची सायकल लागत नाही, घरातली लोखंडी दांड्याची सायकलही चालते. मात्र तिची तयारी आणि सोबतची औषधे नीट हवीत.

सायकल : आधी ब्रेक पाहा. घाट चढताना दम लागतो, पण धोका उतरताना असतो. झिजलेली ब्रेकची रबरे बदला. सड्यावरचा जांभा खरबरीत असतो, म्हणून गुळगुळीत झालेले टायर नकोत. जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान आणि पाने घ्या. मागे लाल दिवा, पुढे बॅटरी हवी. ओझे पाठीवर घेऊ नका, कंबर धरते आणि तोल जातो. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना ताडपत्रीच्या शिवलेल्या पिशव्या सारख्या वजनाने लावा, जड वस्तू तळाशी ठेवा. जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी त्या घट्ट आवळा, बंद चाकात जाता कामा नये.

पाणी : माणशी तीन-चार लिटर पाणी सायकलवर असू द्या. पऱ्ह्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी उकळूनच प्या. जुलाब लागले किंवा घाम फार गेला तर ओआरएस द्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्यावा.

झोप : मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश अनेकदा जाणवतही नाही. मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी दाबा. सकाळी बूट झटकूनच घाला. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. लेण्यांत चूल पेटवू नका, गावात विचारून मुक्काम करा.

साप चावला तर : आपल्या जिल्ह्यात फुरसे पुष्कळ. ते दगडाखाली आणि पाल्यात दडलेले असते, म्हणून चुलीसाठी दगड उचलताना आधी काठीने हलवा. दंश झाला तर अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. हात-पाय मोडल्यावर बांधतो तशी फळी बांधून तो भाग स्थिर ठेवा. जखम कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. चावलेल्याने सायकल चालवायची नाही, चालायचेही नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच लस चालते आणि ती तिथे मोफत मिळते. भगताकडे घालवलेला तास परत मिळत नाही. मी नोकरीत असताना उशिरा आणलेल्या रुग्णांसाठी आमची फार धावपळ व्हायची.

लाल विंचू चावून दरदरून घाम आला, हातपाय गार पडले, तरीही थेट रुग्णालयच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. ते डॉक्टरांनीच द्यायचे असते.

निघण्याआधी वाटेवरच्या ग्रामीण रुग्णालयाचा फोन नंबर कागदावर लिहून हँडलला चिकटवा. लस आहे का, तेही विचारून ठेवा. आणि कुठल्या वाटेने जाणार, कधी परतणार, हे घरी आईला सांगून निघा.