रेडिएटरच्या घरात एसी

बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागात तीन मजली लाकडी घरांच्या रांगाच रांगा दिसतात. साधारण १८८० ते १९३० या काळातली ही घरं, ‘ट्रिपल डेकर’. खिडकीखाली बिडाचा रेडिएटर, त्यावर रंगाचे थरावर थर. हिवाळ्यात त्यातून वाफ किंवा गरम पाणी खेळतं आणि खोली ऊबदार होते. त्यामुळे घरभर हवा फिरवणाऱ्या डक्टची गरज कधी पडलीच नाही. जुलैचा दमट उकाडा असह्य होऊन सेंट्रल एसीचा विषय निघाला, की मात्र डक्ट न्यायचा कुठून हा प्रश्न उभा राहतो.

उतरत्या छपराच्या दुमजली घरात यंत्र माळ्यावर बसवतात. वरच्या खोल्यांना छतातून जाळ्या देता येतात. खालच्या मजल्यासाठी एखाद्या कपाटाचा कोपरा द्यावा लागतो. पण भर उन्हात तापलेल्या माळ्यावरून डक्ट नेणं महागात पडतं. सांध्यांतून गळणारी हवा आणि बाहेरून लागणारी उष्णता मिळून ३० टक्क्यांहून जास्त ऊर्जा वाया जाऊ शकते, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं.

दुसरा उपाय बारीक नळ्यांचा. आतून जेमतेम २ इंच व्यासाच्या, लवचिक, वेष्टण घातलेल्या नळ्या भिंतीच्या पोकळीतून वळवत नेतात. हवा वेगाने सुटते आणि छतात दिसतं ते फक्त एक गोल भोक. जुनं नक्षीकाम शाबूत राहतं, खर्च मात्र वाढतो.

सपाट छपराच्या ट्रिपल डेकरला बहुधा माळाच नसतो. तिथे सरळ मार्ग म्हणजे आपल्याकडे घरोघरी दिसणारा स्प्लिट एसी. भिंतीला सुमारे ३ इंचांचं भोक, त्यातून तांब्याच्या दोन नळ्या, वायर आणि पाण्याची नळी. बाहेरच्या एकाच युनिटवर आतली तीन-चार युनिटं चालतात, आणि हवी तीच खोली गार करता येते. अशा घरांसाठी हाच पर्याय सर्वांत शहाणपणाचा.

किती टनाचा, हे घराचं मोजमाप करूनच ठरवायला हवं. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करून बंद पडतो, हवेतला दमटपणा तसाच राहतो आणि अंग चिकचिकतं. छपराच्या फटी आधी बुजवल्या, तर लहान यंत्रावरही भागतं.

युनिटची जागा ठरवताना पाणी कुठे जाणार तेही पाहावं लागतं. बाहेरच्या भिंतीवर नळीला उतार सहज मिळतो. घराच्या मधल्या भिंतीवर मात्र बहुतेक वेळा छोटा पंप लावावा लागतो.