ही भूतबाधा नव्हे, मेंदूचा आजार आहे!

लोणावळ्याजवळचे कुसगाव मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत आहे. याच पुणे जिल्ह्यात, भोसरीला, १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. विज्ञान दाराशी आले. पण मनातला भगत गेला काय? एचआयव्हीबाधित माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला झटके आले, की आजही कुणीतरी म्हणतेच, 'बाहेरचे बघा!'

बांधवांनो, ही बाहेरची बाधा नव्हे. रक्तातील सीडी-४ पेशी १०० च्या खाली घसरल्या की एरवी निमूट असणारे जंतू मेंदूवर चाल करतात. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे मेंदूत गाठी होतात. झटके येतात, एक बाजू लुळी पडते. क्रिप्टोकॉकस ही बुरशी मेंदूच्या आवरणाला सूज आणते. डोके दिवसेंदिवस ठणकते, उलट्या होतात, नजर मंदावते. क्षयाचे जंतू तर पेशी इतक्या घटण्याची वाटही पाहत नाहीत. खुद्द एचआयव्हीही मेंदूत शिरतो. विस्मरण होते, स्वभाव पालटतो.

यांतील बुरशी, परजीवी आणि क्षय, तिन्हींवर औषधे आहेत. वेळ मात्र थोडा असतो. मेंदूचे स्कॅनिंग आणि पाठीतले पाणी काढून केलेली तपासणी यांतून निदान होते. पाणी काढल्याने माणूस लुळा होतो, ही निव्वळ अफवा! मेंदूत बुरशी वा क्षय असेल तर एआरटी केव्हा सुरू करायची, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. सरकारी केंद्रांत मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली. २०१७ पासून तर सीडी-४ कितीही असो, बाधित ठरलेल्या प्रत्येकाला ती मिळते. ती वेळेवर घेतली तर मेंदूपर्यंत ही पाळी सहसा येतच नाही.

मग माणसे उशिरा का येतात? लाजेपोटी! लैंगिक प्रश्नांवर उघड लिहिणाऱ्या र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली न्यायालयात बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्या बाबासाहेबांचे अनुयायी आपण! आपल्या वस्तीत एचआयव्हीचे नाव कुजबुजत का घ्यावे? बाधिताचे ताट वेगळे करणे ही नवी अस्पृश्यताच आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा नोकरी, शिक्षण, उपचार यांतील भेदभावाला बंदी घालतो.

विहाराच्या फलकावर १०९७ हा मोफत मदत क्रमांक लिहा. आणि बाधिताचे डोके सतत दुखू लागले, तर अंगारा नको, रुग्णालय गाठा!

जयभीम!