केसाळ शिंपला कसा ओळखावा?

खाडीकाठच्या माणसाला शिंपले कसले दाखवायचे? ओहोटी लागली की टोपल्या निघतात. तिसऱ्या कोणत्या नि कालवे कोणती, हे शाळकरी पोरही सांगते. पण पाठीवर केस असलेला शिंपला तुम्ही पाहिला आहे काय?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व व दक्षिण किनाऱ्यावरील खाड्यांत असा शिंपला आढळतो. त्याचे नाव ‘ट्रायकोमिया हिर्सुटा’. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१९ साली त्याचे वर्णन केले. ‘ट्रायको’ हा ग्रीक शब्द केसांचा, ‘हिर्सुटा’ म्हणजे लॅटिनमध्ये केसाळ. म्हणजे नावातच दोनदा केस आले!

आता हे केस कसले? शिंपल्याचे कवच चुन्याचे असते. त्यावर तपकिरी, पातळ साल असते. त्या सालीलाच हे राठ केस फुटतात. शिंपला मेला, वाळूत घासला गेला, की साल निघते आणि केसही जातात. म्हणून किनाऱ्यावरच्या जुन्या, गुळगुळीत कवचावरून निर्णय देऊ नये; जिवंत शिंपला पाहावा.

दोन ठिकाणी फसगत होते. दोन शिंपांच्या फटीतून तंतूंचा झुबका बाहेर येतो, त्याला पुष्कळ जण केस समजतात. पण ते खडकाला धरून राहण्याचे दोर आहेत. आपल्या कोकणातल्या हिरवट, गुळगुळीत शिनाण्यांनाही ते असतात. दुसरी फसगत शेवाळाची. शिंपला पाण्यात धरून अंगठ्याने चोळा. चिखल नि बुळबुळीत शेवाळ सुटेल; खरे केस सालीला धरून राहतील.

मात्र ओळख पटली म्हणजे शिंपला खाण्याजोगा झाला, असे नव्हे. शिंपला पाणी गाळून जगतो. पाण्यातले जड धातू, सूक्ष्म वनस्पतींचे विष, सारे त्याच्या अंगात साठते. म्हणूनच पाण्यातील धातू तपासण्यासाठी शास्त्रज्ञांनी या केसाळ शिंपल्याचा उपयोग केला आहे. सूक्ष्म वनस्पतींचे काही विष असे असते, की ते उकळूनही जात नाही. १९९७ साली केरळात विळिंजम येथे शिंपले खाऊन माणसे दगावली. ते शिंपले ओळखीचेच होते हो. पाणी मात्र बिघडले होते.

तेव्हा गुरुजी, मुलांना खाडीवर जरूर न्या. साल, केस, तंतू वेगवेगळे दाखवा. आणि शेवटी एवढे सांगा, की शिंपला ओळखावा डोळ्यांनी, पण खावा तो पाण्याची चौकशी करूनच.