विश्लेषण : रंगमंच फिरतो, उचलला जातो… पण सुरक्षित थांबतो कसा?

काही क्षणांचा अंधार होतो आणि घराच्या जागी न्यायालय उभे राहते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. तेवढ्या वेळात कित्येक टनांचा सांगाडा कलाकारांच्या पायाखालून सरकलेला असतो. तो हलवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षणी आणि कोणालाही इजा न होता तो थांबवणे, हे अभियंत्यांपुढचे खरे आव्हान आहे.

फिरता रंगमंच आला कुठून?

जपानमधून. ओसाका येथील काबुकी नाटककार नामिकी शोझो यांना १७५८ मधील फिरत्या रंगमंचाचे श्रेय दिले जाते. रंगमंचाखालच्या अंधाऱ्या तळघरात माणसे ही तबकडी ढकलून फिरवत. त्या तळघराला जपानी भाषेत ‘नाराकु’ म्हणतात. हा शब्द संस्कृतातील ‘नरक’ या शब्दापासून आला आहे. युरोपात १८९६ मध्ये कार्ल लाउटेनश्लेगर यांनी म्युनिकमध्ये मोझार्टच्या ‘डॉन जिओव्हानी’ या ऑपेरासाठी फिरता रंगमंच उभारला. मराठी प्रेक्षकांच्या मनात तो ठसला, तो आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’मुळे. १९६२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात प्रभाकर पणशीकर एकट्याने पाच रूपे साकारत आणि न्यायालयातील खटल्यातून प्रसंग झपाट्याने बदलत.

यंत्रणा चालते कशी?

चाकांवर टेकलेली तबकडी, मध्यभागी आस आणि कडेला किंवा आसाजवळ मोटर, अशी फिरत्या रंगमंचाची साधी रचना असते. मोटरचा वेग एकदम न वाढवता हळूहळू वाढवला आणि उतरवला जातो. तबकडी नेमकी कुठवर फिरली, हे ‘एन्कोडर’ नावाचा सेन्सर नियंत्रण संगणकाला सतत कळवतो. वर-खाली होणाऱ्या रंगमंचासाठी स्क्रू, साखळी, पोलादी दोर किंवा हायड्रॉलिक सिलिंडर वापरतात.

थांबवणे अवघड का?

समजा, तबकडीचा व्यास नऊ मीटर आहे आणि ती ३० सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. मध्यभागी उभा असलेला कलाकार जागच्या जागी वळतो, पण कडेवरचा कलाकार सेकंदाला जवळपास एक मीटर सरकत असतो. म्हणजे त्याचा वेग सावकाश चालणाऱ्या माणसाइतका असतो. अशा वेळी मोटर एकदम बंद केली तर तो तोल जाऊन पडेल. म्हणून आणीबाणीचे लाल बटण दाबले तरी आधी नियंत्रित पद्धतीने वेग उतरवला जातो आणि मग ब्रेक लागतो.

माणसांना किंवा वजनाला उचलणाऱ्या यंत्रणेत ब्रेकचे गणित वेगळे असते. वीज असेपर्यंत हा ब्रेक सुटलेला राहतो. वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने तो आपोआप लागतो. असे दोन ब्रेक बसवतात आणि दोन्हींपैकी प्रत्येक जण एकट्याने पूर्ण भार पेलू शकेल, अशी त्यांची क्षमता ठेवतात. याशिवाय ठरावीक मर्यादेपलीकडे हालचाल झाली तर वीज तोडणारे ‘लिमिट स्विच’ असतात. डोक्यावर भार टांगणाऱ्या पोलादी दोराची ताकद प्रत्यक्ष भाराच्या साधारण दहापट धरली जाते.

मोठ्या रंगमंचांचा अनुभव काय सांगतो?

लास व्हेगसमधील ‘सर्क द्यु सोलेई’च्या ‘का’ या प्रयोगात २५ फूट रुंद आणि ५० फूट लांबीचा मंच हायड्रॉलिक सिलिंडरवर वर-खाली होतो, स्वतःभोवती पूर्ण फिरतो आणि भिंतीसारखा उभाही राहतो. २९ जून २०१३ रोजी याच प्रयोगात दोराला लटकून वर जाणाऱ्या एका महिला कलाकाराचा मृत्यू झाला. ती वेगाने वर गेली, दोर कप्पीतून निसटून तुटला आणि ती सुमारे ९० फुटांवरून खाली कोसळली. दोराची ताकद पुरेशी असणे एवढेच महत्त्वाचे नाही. तो कोणत्याही परिस्थितीत कप्पीबाहेर पडणार नाही, हेही पाहावे लागते, असा धडा या घटनेने दिला.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने वाग्नरच्या ‘रिंग’ या ऑपेरामालेसाठी २४ फळ्यांचे सुमारे ४५ टनांचे यंत्र उभारले. त्याचा भार पेलण्यासाठी रंगमंच खालून पोलादी तुळयांनी मजबूत करावा लागला. सप्टेंबर २०१० मधील पहिल्याच रात्री, शेवटी देव पुलावरून स्वर्गात जाण्याच्या दृश्यात, यंत्र हललेच नाही. कोणाला इजा झाली नाही. फक्त दृश्य हुकले. सुरक्षिततेच्या दृष्टीने बिघाड असाच व्हायला हवा. शंका आली की यंत्राने जागच्या जागी थांबावे.

नियम काय आहेत?

रंगमंचाच्या यंत्रांसाठी युरोपने २०२० मध्ये ‘ईएन १७२०६’ हे मानक आणले. कारखान्यात फिरत्या यंत्राभोवती जाळी लावून माणसांना दूर ठेवता येते. नाटकात मात्र कलाकार यंत्रावरच उभा असतो, तोही अनेकदा अंधारात. त्यामुळे कुंपणाचे काम नियंत्रण प्रणालीला करावे लागते. दार उघडे असेल, झडप बंद नसेल, तर यंत्र सुरूच होणार नाही, अशी सोय तिच्यात असते. स्थिर आणि हलत्या फळीतील फट हा आणखी एक धोका असतो. तिथे पायाची बोटे किंवा साडीचा पदर अडकू शकतो.

मग माणसाची गरज उरते का?

उरते. संगणक हालचाल अचूक करतो, पण कलाकार खरोखर आपल्या जागी पोहोचला का, हे अनेकदा माणसालाच पाहावे लागते. त्यासाठी अनेक यंत्रणांत चालकाला हालचाल संपेपर्यंत एक बटण दाबून धरावे लागते. बोट उचलले की यंत्र थांबते. तालमीत आधी रिकामा मंच, मग वाळूची पोती आणि त्यानंतर माणसे, तीही कमी वेगात, असा क्रम ठेवतात. त्यामुळे तांत्रिक तालमीचे दिवस वाचवणे, ही निर्मात्याची सर्वांत महागडी काटकसर ठरू शकते.