घड्याळाचा फोटो : उजेड, कापड आणि इमान

आमचा धंदा कापडाचा. तरी या पानावर आज आम्ही मनगटी घड्याळांविषयी लिहिणार आहोत, कारण घड्याळाच्या फोटोत निम्मे काम कापडाचेच असते.

क्वार्ट्झ घड्याळ आले, मग मोबाईल आला आणि घड्याळ दुरुस्त करणाऱ्या आपल्या अनेक कारागीर बांधवांच्या टेबलावरची गर्दी ओसरली. दुसरीकडे जुन्या चावीच्या घड्याळांचे शौकीन वाढले. एचएमटीने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळे बनविण्यास सुरुवात केली. जानेवारी 2016 मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला. तेव्हा 'जनता', 'पायलट', 'सोना' ही घड्याळे चांगल्या स्थितीत असतील तर त्यांना आज गिऱ्हाईक आहे. पण ते गिऱ्हाईक कोचीत असेल नाहीतर दुबईत. माल हातात न घेता, नुसता फोटो पाहून तो पैसे पाठवतो. म्हणजे फोटो हेच दुकान झाले.

स्टुडिओची गरज नाही. साधा मोबाईल आणि घरातील एक खिडकी पुरे. जाणते गिऱ्हाईक साडीचा रंग दुकानातल्या ट्यूबलाईटखाली पाहत नाही, पदर धरून दाराशी उजेडात जाते. घड्याळालाही तोच उजेड हवा. मात्र थेट ऊन नको. उन्हात सावल्या कडक पडतात आणि केसवर चटके बसल्यासारखे पांढरे डाग दिसतात. खिडकीवर पांढरी मलमल एकेरी ताणून बांधावी. उजेड गाळून येतो आणि डायलवर सारखा पसरतो. पावसाळ्यातील ढगाळ दिवस असेल तर मलमलीचीही गरज नाही. खिडकीच्या विरुद्ध बाजूस थर्माकोलचा तुकडा उभा करावा, म्हणजे अंधारी बाजू उजळते. घरातील दिवे बंद ठेवावेत. दिवसाचा उजेड आणि दिव्याचा उजेड एकत्र आला की डायलचा पांढरा रंग एकीकडे पिवळा, दुसरीकडे निळसर येतो. मोबाईलचा फ्लॅश तर कधीच लावू नये.

आता घड्याळाखालच्या कापडाविषयी. बहुतेक लोक मखमल किंवा साटीन अंथरतात. मखमलीवरची प्रत्येक कुसळ फोटोत दिसते आणि साटीनची चमक घड्याळाच्या चमकेशी भांडते. हिमरू सुंदर खरे, पण पाहणाऱ्याची नजर बुट्ट्यांवरच राहील. आम्हाला हिमरू विकायचे असते तर गोष्ट वेगळी. आमच्या मते जाड सुती कापड, मांजरपाट किंवा खादी, राखाडी अथवा फिक्या तपकिरी रंगाचे, धुऊन इस्त्री केलेले, हे सर्वांत चांगले. त्याला कारणही आहे. मोबाईलचा कॅमेरा समोरचे सर्व काही मध्यम उजेडाचे धरून चालतो. पांढऱ्याशुभ्र कापडावर तो फोटो काळवंडून टाकतो, काळ्या कापडावर डायल पांढरीफटक करतो. राखाडी कापडावर त्याची फसगत होत नाही. तरीही फरक वाटला तर पडद्यावर डायलवर बोट दाबून धरावे आणि उजेड कमीजास्त करून घ्यावा.

घड्याळाची काच म्हणजे आरसा. तीत मोबाईल, बोटे, छताचा पंखा, सर्व दिसते. काळ्या पुठ्ठ्याला कॅमेऱ्याएवढे भोक पाडून त्यातून फोटो घ्यावा आणि घड्याळ थोडे तिरपे करून काचेतील खिडकी नाहीशी होते का ते पाहावे. मोबाईल फार जवळ नेला तर घड्याळ फुगल्यासारखे दिसते, म्हणून थोडे मागे सरून दुप्पट झूम करावे. पट्ट्याच्या आत रुमालाची गुंडाळी ठेवली की घड्याळ उभे राहते. मोबाईल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून टायमर लावावा म्हणजे हात हलत नाही. धूळ मऊ ब्रशने काढावी, तोंडाने फुंकू नये, वाफ धरते.

काटे दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे बाराखालचे नाव उघडे राहते आणि तीनजवळची तारीखही झाकली जात नाही. चावी ओढल्यावर सेकंद काटा थांबत नसेल तर घड्याळ पूर्ण उतरू द्यावे, मग काटे लावावेत. तारखेच्या घड्याळात एक सावधगिरी हवी : रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत आतील चाके तारीख बदलण्याच्या तयारीत असतात, तेव्हा चावीने तारीख पुढे ढकलली तर दाते तुटू शकतात. दहा वाजून दहा ही रात्रीचीही वेळ असते! म्हणून काटे पुढे फिरवून तारीख उडू द्यावी, नंतर सकाळच्या दहा-दहावर यावे आणि मगच तारखेला हात लावावा.

खरा प्रश्न पुढे आहे. बाजारात जुन्या डायलवर नवा रंग चढवून, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून 'अगदी ओरिजिनल' म्हणून विकणारे कमी नाहीत. जाणते शौकीन त्यांना अक्षरांच्या जाडीवरून ओळखतात आणि मग प्रामाणिक कारागिराकडेही संशयाने पाहतात. डायल रंगविलेली असेल तर तसे लिहून विका. घेणारे मिळतात, किंमत कमी येईल एवढेच. फोटो एक नको, सहा हवेत : समोरून, चावीच्या बाजूने, पाठीमागून, झाकण उघडून आतील मशीनचा, पट्ट्याचा, आणि काचेवरील चरा किंवा केसवरील उडालेला मुलामा अगदी जवळून. कापडात विणीचा दोष असेल तर आम्ही तो भाग वर ठेवूनच ताका उलगडतो. दोष दाखवून विकलेला माल सहसा परत येत नाही, आणि परत आलेल्या पार्सलचा दोन्हीकडचा खर्च लहान कारागिराची आठवड्याची कमाई खाऊन टाकतो.

फोटोतील रंग मोबाईलमध्ये भडक करू नयेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत. साधे पाठवले तर ते दाबले जातात आणि डायलवरील बारीक अक्षरे पुसट होतात. गिऱ्हाईक पाहणार आहे ती नेमकी तीच अक्षरे.