खमरछठ : मुलासाठीचा उपवास आणि मुलीचा वाटा

छत्तीसगडमधील माता दरवर्षी एक दिवस नांगर लागलेल्या जमिनीतील अन्न वर्ज्य करतात. आपल्याकडील पंचांगानुसार श्रावण वद्य षष्ठीला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या दोन दिवस आधी, हे व्रत येते. उत्तरेकडील पंचांगात हीच तिथी भाद्रपद कृष्ण षष्ठी म्हणून ओळखली जाते. खमरछठ, कमरछठ किंवा हलषष्ठी या नावांनी प्रसिद्ध असलेले हे व्रत परंपरेने पुत्राच्या दीर्घायुष्यासाठी केले जाते. विशेष म्हणजे, मुलांसाठी उपवास करणाऱ्या याच राज्यात मुलींचे प्रमाण देशातील मोठ्या राज्यांमध्ये सर्वाधिक राहिले आहे. या विसंगतीचा अर्थ समजून घेणे महाराष्ट्रासाठीही महत्त्वाचे आहे.

दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे पोलादनगर या परंपरेचे बदलते रूप पाहण्यास योग्य ठिकाण आहे. भारत व सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ मध्ये झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यामुळे देशाच्या सर्व भागांतून कामगार येथे आले आणि आपापली व्रतवैकल्येही घेऊन आले. छत्तीसगढी कुटुंबांचे खमरछठ, बिहारमधून आलेल्यांचे जिउतिया आणि मराठी घरांतील पिठोरी ही त्यांपैकी अपत्यांच्या कल्याणासाठीची व्रते होत.

सगरी, पसहर आणि पोथनी

या पूजेसाठी अंगणात, देवळाच्या आवारात किंवा मोकळ्या मैदानात दोन लहान खड्डे खणून त्यांत पाणी भरले जाते. या कृत्रिम तळ्यांना सगरी म्हणतात. सगरीच्या काठावर काश गवताचे तुरे आणि पळस व बोरीच्या फांद्या रोवतात. लाह्या व मोहाची फुले अर्पण केली जातात. भोवरे, गोट्या यांसारखी मुलांची खेळणीही तेथे मांडण्याची पद्धत आहे. परिसरातील स्त्रिया एकत्र बसून सहा कथा ऐकतात.

ही तिथी बलरामाच्या जन्माची मानली जाते. नांगर हे बलरामाचे आयुध. म्हणून त्या दिवशी नांगरलेल्या शेतातील धान्य खात नाहीत आणि अशा जमिनीवर पाऊलही ठेवत नाहीत. उपवास सोडण्यासाठी पसहर नावाचा लालसर तांदूळ लागतो. तो तळ्यांच्या काठी व पाणथळ जागी आपोआप उगवतो. त्यासोबत सहा प्रकारच्या भाज्या असतात. दूध, दही व तूप म्हशीचेच चालते, गाईचे वर्ज्य असते. दात घासण्यासाठी मोहाची काडी आणि जेवणासाठी मोहाच्या पानांची पत्रावळ वापरतात. पसहर हाताने गोळा करावा लागत असल्याने भिलाई व दुर्गच्या बाजारात तो नेहमीच्या तांदळाच्या कितीतरी पट दराने विकला जातो.

पूजा आटोपल्यावर पांढऱ्या मातीच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने आई मुलांच्या पाठीवर थोपटते. या विधीला पोथनी मारणे असे म्हणतात. पाठीवर उमटलेला हा ठसा मुलाचे रक्षण करतो, अशी श्रद्धा आहे.

सहाव्या दिवसाचे भय

सहा हा अंक येथे वारंवार येतो, कारण षष्ठी ही बालकांची रक्षक देवता मानली गेली आहे. छत्तीसगडमध्ये जन्मानंतर सहाव्या दिवशी ‘छठी’ साजरी होते. महाराष्ट्रातील सटवाई हे याच षष्ठीचे रूप. सहाव्या रात्री ती बाळाच्या कपाळी भविष्य लिहिते, या समजुतीने अनेक घरांत कोरा कागद व लेखणी ठेवली जाते. श्रावण अमावास्येच्या पिठोरी व्रतात आई नैवेद्य मागे धरून ‘अतीत कोण?’ असे विचारते आणि मूल आपले नाव सांगते. या सर्व विधींतून मूल जगावे, एवढीच याचना व्यक्त होते.

या भयाला आधार होता. नाळ अस्वच्छ साधनाने कापल्यास होणारा नवजात धनुर्वात बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच बाळाचा बळी घेत असे. देशात १९७१ मध्ये जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके वर्षाच्या आत दगावत होती. २०२० मध्ये हे प्रमाण २८ पर्यंत खाली आले. लसीकरण व रुग्णालयातील प्रसूतींमुळे माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. मूल जगेल की नाही, ही चिंता अशा रीतीने कमी झाली. मुलगाच हवा, ही अपेक्षा मात्र तेवढ्या वेगाने ओसरली नाही.

चीनमधील दिवा आणि जमीन

या अपेक्षेचे मूळ कोठे आहे, हे दक्षिण चीनमधील एका प्रथेवरून स्पष्ट होते. ग्वांगदोंग प्रांतात आणि हाँगकाँगच्या ग्रामीण भागात, मागील वर्षात ज्या घरी मुलगा जन्मला ते कुटुंब चांद्रवर्षाच्या पहिल्या महिन्यात कुळाच्या पूर्वजगृहात कंदील टांगते. त्यानंतर गावजेवण होते. चिनी भाषेत दिवा आणि घरातील पुरुष या अर्थांचे शब्द उच्चाराने जवळचे आहेत. त्यामुळे दिवा वाढला म्हणजे कुळात पुरुष वाढला, असा संकेत रूढ झाला.

हा केवळ आनंदसोहळा नसतो. कंदील टांगल्याने मुलाला कुळाचा सदस्य म्हणून मान्यता मिळते आणि कुळाच्या सामाईक मालमत्तेतील त्याचा हक्क प्रस्थापित होतो. हाँगकाँग सरकारने १९७२ मध्ये ग्रामीण भागातील मूळ रहिवाशांच्या पुरुष वंशजांना, वयाच्या १८ वर्षांनंतर, आयुष्यात एकदा घर बांधण्याची सवलत दिली. मुलींना ती मिळाली नाही. ग्रामीण जमिनीचा वारसा स्त्रियांना मिळण्याचा मार्ग कायद्याने १९९४ मध्ये खुला झाला. तात्पर्य, कंदिलामागे जमीन उभी होती.

आकडे काय सांगतात

आपल्याकडे शून्य ते सहा वर्षे वयोगटातील दर हजार मुलांमागे किती मुली आहेत, यावरून बाललिंग गुणोत्तर मोजतात. २०११ च्या जनगणनेत देशाचे गुणोत्तर ९१८ होते. छत्तीसगडचे ९६९, तर महाराष्ट्राचे ८९४ होते. महाराष्ट्रात हा आकडा १९९१ मध्ये ९४६ आणि २००१ मध्ये ९१३ होता. म्हणजे वीस वर्षांत दर हजारी ५२ मुलींची घट झाली. राज्यांतर्गत तफावतही मोठी आहे. २०११ मध्ये छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोलीत गुणोत्तर ९६० च्या आसपास होते, तर बीडमध्ये ते ८१० पेक्षाही कमी होते.

पुत्रासाठीचे व्रत छत्तीसगडमध्येही आहे आणि महाराष्ट्रातही. तेव्हा केवळ व्रतामुळे मुली कमी होतात, असे म्हणता येत नाही. भातशेतीतील स्त्रियांचे मोलाचे श्रम, सुमारे ३१ टक्के आदिवासी लोकसंख्या आणि गर्भलिंग तपासणीच्या सोयींचा तुलनेने उशिरा झालेला प्रसार ही छत्तीसगडमधील चांगल्या प्रमाणाची कारणे मानली जातात. याउलट जेथे जमिनीचा वारसा, हुंडा, लहान कुटुंबाचा आग्रह आणि सोनोग्राफी यंत्र एकत्र आले, तेथे जुन्या इच्छेला नवे शस्त्र मिळाले. चीनमध्येही असेच घडले. २००४ च्या सुमारास तेथे जन्मणाऱ्या दर १०० मुलींमागे सुमारे १२१ मुलगे होते. २०२० च्या जनगणनेत ते प्रमाण सुमारे १११ पर्यंत उतरले.

छत्तीसगडनेही निर्धास्त राहू नये. आज या राज्यात असलेल्या प्रदेशाचे गुणोत्तर १९९१ मध्ये ९८४ होते. ते २००१ मध्ये ९७५ आणि २०११ मध्ये ९६९ झाले. घसरण मंद असली तरी दिशा तीच आहे.

कायदा आणि वाटा

गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. मालमत्तेच्या बाबतीतही महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत समान हक्क दिला. २००५ च्या दुरुस्तीने हा हक्क हिंदू वारसा कायद्याखाली देशभर लागू झाला. हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. मात्र छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये समानतेच्या तत्त्वावर स्त्रीच्या वारसांना समान वाटा मान्य केला. प्रत्यक्षात मात्र भावासाठी हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आजही गावोगावी आढळतात.

खमरछठच्या संकल्पात आता ‘पुत्र’ या शब्दाऐवजी ‘संतान’ हा शब्द अनेकदा ऐकू येतो आणि अनेक घरांत पोथनीचा ठसा मुलीच्याही पाठीवर उमटतो. शब्दातील हा बदल स्वागतार्ह आहे. तथापि कंदील असो वा सगरी, विधीच्या मागे जो हिशेब असतो तो वारसाच्या कागदावर लिहिलेला असतो. व्रत टिकवूनही मुलींचे प्रमाण राखता येते, हे छत्तीसगडने दाखवले आहे. ते पुढेही टिकेल की नाही, हे मुलीला घरातील वाटा मिळतो की नाही यावर बऱ्याच अंशी अवलंबून राहील.